लूप न तोडता लूप मोजायचा: एसएमपीएसच्या बोड प्लॉटमागची गोष्ट

एसएमपीएसचा, म्हणजे स्विच झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या पॉवर सप्लायचा, बोड प्लॉट काढणं आज फार अवघड राहिलेलं नाही. आउटपुट मागे नेऊन सप्लायला सावरणाऱ्या फीडबॅक लूपचा गेन आणि फेज फ्रीक्वेन्सीनुसार कसे बदलतात, ते दाखवणारा हा आलेख. आउटपुट आणि फीडबॅक डिव्हायडरचा (आउटपुटचा ठरावीक हिस्सा मागे पाठवणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीचा) वरचा रेझिस्टर यांच्या मध्ये दहा-वीस ओहमचा एक रेझिस्टर घालायचा, इंजेक्शन ट्रान्सफॉर्मरमधून त्याच्यावर काही मिलिव्होल्टचा साइन सिग्नल सोडायचा आणि फ्रीक्वेन्सी वाढवत नेत दोन्ही टोकांच्या व्होल्टेजचं गुणोत्तर टिपत जायचं. या सगळ्यात सप्लाय चालूच असतो, लोडही जोडलेलाच असतो. पण सप्लाय चालू ठेवून हे मोजता येईल, इथवर यायला जवळजवळ अर्धं शतक गेलं.

सुरुवात टेलिफोनपासून आहे. लांब पल्ल्याच्या लाइनवर एकामागून एक अँप्लिफायर लागायचे आणि प्रत्येकाचं डिस्टॉर्शन पुढे साचत जायचं. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी बेल लॅब्जचे हॅरल्ड ब्लॅक हडसन नदीवरच्या फेरीबोटीने कामावर निघाले होते. निगेटिव्ह फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत द्यायची कल्पना त्यांना तिथे सुचली आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्यांनी आकृती आणि समीकरणं मांडली. मेहनतीने मिळवलेला गेन मुद्दाम घालवायचा, ही गोष्ट पेटंट ऑफिसच्या काही केल्या गळी उतरेना. पेटंट हाती पडायला १९३७ साल उजाडलं.

तोवर दुसरी अडचण पुढे आली होती. फीडबॅक दिलेला अँप्लिफायर कधी शहाण्यासारखा वागायचा, तर कधी स्वतःच ऑसिलेट व्हायचा. असं का होतं, याचं गणिती उत्तर हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली दिलं. दोनच वर्षांनी बेल लॅब्जच्याच पीटरसन, क्रीअर आणि वेअर यांनी ते प्रयोगाने पडताळून पाहिलं. पुढे हेन्ड्रिक बोड यांनी गेनच्या उताराचं फेजशी असलेलं नातं उलगडलं, आणि गेन मार्जिन, फेज मार्जिन (लूप ऑसिलेट व्हायच्या आधी गेनला आणि फेजला किती वाव उरतो ते) हे शब्द रोजच्या वापरात आले. १९४५ पर्यंत सिद्धान्त म्हणून जे लागतं, ते बहुतेक सगळं तयार होतं.

मग अडलं कुठे? मोजमापात. सरळ मार्ग म्हणजे लूप एका जागी तोडायचा, एका टोकाला सिग्नल द्यायचा आणि दुसऱ्या टोकाला काय परत येतं ते पाहायचं. ज्या अँप्लिफायरचं डीसी बायसिंग फीडबॅकवर विसंबून नसतं, तिथे हे चालून जातं. पॉवर सप्लायचं तसं नाही, कारण आउटपुटचं डीसी व्होल्टेज धरून ठेवणारा लूप तोच. डीसी गेन दहा हजार धरला आणि लूप तोडला, तर इनपुटला एका मिलिव्होल्टचा फरक पडला तरी हिशेबाने आउटपुट दहा व्होल्टनी सरकायला हवं. प्रत्यक्षात एरर अँप्लिफायर (आउटपुट ठरलेल्या व्होल्टेजशी ताडून पाहणारा) एका टोकाला जाऊन चिकटतो आणि मोजण्यासारखं काही उरतच नाही. भलामोठा इंडक्टर आणि कॅपॅसिटर लावून लूप फक्त एसीपुरता तोडायचा, ही जुनी युक्ती. पण फ्रीक्वेन्सी जितकी खाली, तितके हे दोन्ही नग मोठे होत जातात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी रिवाज वेगळाच होता: लोड झटक्यात बदलायचा, स्कोपवर रिंगिंग, म्हणजे आउटपुटची थरथर पाहायची आणि रिंगिंग कमी होईस्तोवर कॅपॅसिटर बदलत राहायचे. खरं सांगायचं तर हा रिवाज अजूनही गेलेला नाही.

कोंडी फोडली ती कॅलटेकच्या आर. डी. मिडलब्रूक यांनी. १९७५ च्या त्यांच्या लेखातला मुद्दा ऐकायला साधा आहे: लूप तोडूच नका, त्यात एक छोटा व्होल्टेज सोर्स सिरीजमध्ये घाला. डीसी आपल्या जागी राहतं आणि एसी मोजता येतं. जागा तेवढी नीट निवडायची. मागे पाहिलं तर इम्पीडन्स अगदी कमी हवा, पुढे पाहिलं तर भरपूर. सप्लायचं आउटपुट आणि डिव्हायडर यांचा सांधा नेमका असाच असतो. अशी जागा मिळालीच नाही तर व्होल्टेज आणि करंट अशी दोन वेगवेगळी इंजेक्शनं द्यायची आणि दोन्ही आकड्यांवरून खरा लूप गेन काढायचा, हेही त्याच लेखात आहे.

युक्ती सोपी असली तरी आकडे सोपे नाहीत. लूप गेन ६० डीबी, म्हणजे हजार पट असेल, तर इंजेक्ट केलेल्या दहा मिलिव्होल्टपैकी जवळपास सगळे आउटपुटच्या टोकाला दिसतात. डिव्हायडरच्या टोकाला उरतात ते फक्त दहा मायक्रोव्होल्ट. त्याच टोकावर स्विचिंगचा रिपल तीस-चाळीस मिलिव्होल्टचा असू शकतो. वरातीत बँडला खेटून उभं राहून कुणाची कुजबुज ऐकण्यासारखंच हे. म्हणून साधा स्कोप पुरत नाही, एकाच फ्रीक्वेन्सीला कान लावणारा नॅरोबँड रिसीव्हर लागतो. क्रॉसओव्हरला, म्हणजे लूप गेन एकवर येतो त्या फ्रीक्वेन्सीला, मात्र दोन्ही टोकांचे सिग्नल सारखे होतात, आणि फेज मार्जिन ६० अंश असेल तर दोन्ही बरोबर इंजेक्शनइतकेच भरतात. सिग्नल त्याहून फुगले तर मार्जिन तितकं कमी आहे, हे आलेख काढायच्या आधीच कळतं.

हे सगळं सत्तरच्या दशकातच घडलं, हा योगायोग नाही. स्विचिंग सप्लाय तेव्हा अंतराळयानांतून बाहेर पडून बाजारात उतरत होते. १९७६ साली सिलिकॉन जनरलची एसजी१५२४ ही पीडब्ल्यूएम आयसी (स्विच किती वेळ चालू ठेवायचा ते ठरवणारी चिप) आली. त्याच वर्षी मिडलब्रूक आणि त्यांचे विद्यार्थी स्लोबोदान चुक यांनी कन्व्हर्टरचं सरासरी मॉडेल मांडलं. बूस्ट आणि फ्लायबॅक या प्रकारच्या कन्व्हर्टरमध्ये गेनचा उतार मंदावतो आणि त्याच वेळी फेज मात्र घसरतच जाते, हा राइट हाफ प्लेन झिरोचा प्रताप. आता तो गणितात मांडता येत होता आणि टेबलावर मोजताही येत होता. माझ्या मते या क्षेत्रात हस्तकौशल्याची जागा शास्त्राने घेतली ती इथे.

पुढचा प्रवास उपकरणांचा. डीन व्हेनेबल यांनी १९८३ साली के फॅक्टर मांडला. मोजलेल्या प्लॉटवरून कॉम्पेन्सेशनच्या किमती थेट काढायची ही रीत त्यांनी रुजवली आणि त्यासाठी लागणारे अ‍ॅनालायझरही विकले. करंट मोडमध्ये (इंडक्टरचा करंटही पाहून चालणाऱ्या कंट्रोलमध्ये) स्विचिंगच्या निम्म्या फ्रीक्वेन्सीला दिसणारा उंचवटा रे रिडली यांच्या १९९० च्या मॉडेलने समजावला. आज ओमिक्रॉनचा बोड १०० टेबलाच्या कोपऱ्यात मावतो, अनेक स्कोपमध्ये ही सोय आतच असते, आणि डिजिटल कंट्रोलरमध्ये तर इंजेक्शनसुद्धा सॉफ्टवेअरच करतं.

जागेचा प्रश्न मात्र उपकरण सोडवत नाही. टीएल४३१ (रेफरन्स आणि एरर अँप्लिफायर एकत्र असलेली चिप) आणि ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे पोहोचवणारा भाग) यांच्या सप्लायमध्ये आउटपुटचा सिग्नल दोन वाटांनी मागे जातो: एक डिव्हायडरमधून, दुसरी ऑप्टोच्या एलईडीच्या रेझिस्टरमधून. रेझिस्टर फक्त डिव्हायडरपाशी घातला तर दुसरी वाट मोजमापातून निसटते. प्लॉट दिसायला छान येतो, पण तो पूर्ण लूपचा नसतो. दोन्ही वाटा फुटायच्या आधी ट्रॅक कापून तिथे रेझिस्टर घालावा लागतो. आउटपुटला आणखी एक एलसी फिल्टर असेल आणि एक वाट फिल्टरच्या आधी, दुसरी नंतर निघत असेल, तर असा एकच सांधा आउटपुटच्या बाजूला सापडत नाही. मग ऑप्टोच्या पलीकडे, प्रायमरीच्या, म्हणजे इनपुटच्या बाजूला जागा शोधावी लागते. डिव्हायडर चिपच्या आतच असेल तर तीही सोय नाही. तिथे आउटपुट इम्पीडन्सचा आलेख काढतात आणि त्यातल्या शिखराच्या टोकदारपणावरून फेज मार्जिनचा अंदाज बांधतात.