दमट अंथरुणाचे उदाहरण : शुश्रूषा करणाऱ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर कशी आली

१८३५ साली इंग्लंडमध्ये एका खाटकाच्या दुकानात काम करणारा चार्ल्स प्रीस्टली माल पोहोचवायला निघाला होता. गाडीत वाजवीपेक्षा जास्त माल लादलेला होता. वाटेत गाडी मोडली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. त्याने मालकावर दावा लावला, ज्युरीने १०० पौंड भरपाई दिली. पण १८३७ मध्ये लॉर्ड ॲबिंजर यांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला. अशा दाव्यांना एकदा वाट करून दिली तर कुठे थांबणार, असे त्यांचे म्हणणे. उद्या मोलकरणीने एखाद्या नोकराला दमट अंथरुणात झोपवले तरी मालकालाच जबाबदार धरतील!

हे उदाहरण त्यांनी निव्वळ अशक्य गोष्ट म्हणून दिले होते. पण या विषयाचा पुढचा जवळजवळ सगळा इतिहास त्या अंथरुणाभोवतीच फिरतो. आजारी, म्हाताऱ्या, अपंग माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांचे कामाचे ठिकाण म्हणजे कोणाची तरी खाट, न्हाणीघर, चारचाकी खुर्ची. धोका म्हटले की कायद्याच्या डोळ्यांपुढे खाण, रेल्वे आणि गिरणीचा पट्टा यायचा. खाट कधी आलीच नाही.

या निकालातून पुढे असा नियम पक्का झाला की, सहकाऱ्याच्या चुकीने इजा झाली तर मालक देणे लागत नाही, कारण नोकरी पत्करली म्हणजे तिचे धोकेही पत्करले. शुश्रूषेच्या कामात यावर आणखी एक थर चढला, तो सेवाभावाचा. जी स्वतःहून रुग्णसेवेला आली तिने आजारपणाची तक्रार करायची नसते, असे समाजाने तर मानलेच, पण त्या बायकांनीही मानले. कायद्यातल्या कोणत्याही कलमापेक्षा या समजुतीने जास्त नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहिती नव्हती असेही नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० सालीच कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात सुइणी व दाया यांच्या दुखण्यांनाही जागा दिली. पुढे १८४७ मध्ये व्हिएन्नात याकोब कोलेच्का हे डॉक्टर शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागून जंतुसंसर्गाने वारले. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांना त्या मृत्यूवरूनच बाळंतिणींच्या तापाचे कारण उमगले. हात धुण्याचा नियम आला, तो रुग्णांसाठी. कामावर असताना एक माणूस जखम होऊन मेला, मग असे पुन्हा होऊ नये म्हणून कामाची पद्धत कोणी बदलायची, हा प्रश्न त्या घटनेतून निघू शकला असता. तो निघाला नाही.

एकदा मात्र उलट घडले, आणि ती गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघत होते. १८८९-९० च्या हिवाळ्यात सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी तिच्या हातांचे साचे घेऊन गुडइयर रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करून घेतले. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून मोजे घालायचे, ही कल्पना नंतरची. या रुग्णालयात ते आले एका परिचारिकेची कातडी वाचवायला. पुढे दोघांनी लग्न केले, त्यामुळे ही गोष्ट प्रेमकथा म्हणूनच सांगितली जाते. तिच्यातला कामाच्या सुरक्षिततेचा भाग मागे पडतो. तिला त्रास होतोय हे वरिष्ठाने पाहिले, आणि तिला ‘सहन कर’ न सांगता साधन बदलले. आज कायदा मालकाकडून नेमके हेच मागतो.

त्या काळात भरपाईचे कायदे येऊ लागले होते. जर्मनीत १८८४ मध्ये अपघात विमा आला, ब्रिटनमध्ये १८९७ चा भरपाई कायदा. तो रेल्वे, कारखाने, खाणी अशा ठरावीक कामांपुरताच होता. १९०६ मध्ये त्याची व्याप्ती वाढून घरकामगारही आत आले आणि पहिल्यांदाच कामामुळे होणाऱ्या सहा रोगांना भरपाई मिळू लागली. त्या सहांत शिसे होते, पारा होता, फॉस्फरस होता. क्षयरोग नव्हता.

क्षयाचा पुरावा समोर यायला १९२० चे दशक उजाडले. ओस्लोच्या उल्लेव्होल रुग्णालयात योहानेस हाइमबेक यांनी परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींच्या ट्युबरक्युलिन चाचण्या, म्हणजे क्षयाचा संसर्ग झाला आहे का हे दाखवणाऱ्या चाचण्या केल्या. सुमारे निम्म्या मुली क्षयाचा संसर्ग नसताना रुग्णालयात येत. शिक्षण संपेपर्यंत जवळजवळ सगळ्यांना तो झालेला असे. मुली नाजूक असतात, घरूनच आजार घेऊन येतात, या सबबीला मग फारसा अर्थ उरला नाही. संसर्ग वॉर्डातच होत होता.

मालकाच्या जबाबदारीला आजचे रूप मिळाले ते एका स्कॉटिश खाणकामगाराच्या खटल्यामुळे. १९३७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितले की लायक सहकारी, पुरेशी साधने आणि देखरेखीसह कामाची सुरक्षित पद्धत देणे हे मालकाचे स्वतःचे कर्तव्य आहे. दुसऱ्याच्या हाती काम सोपवले म्हणून ते टळत नाही. १८३७ च्या निकालातून निघालेला नियम १९४८ मध्ये कायद्यानेच मोडीत काढला. नंतर कामाच्या सुरक्षिततेचे मोठे कायदे आले, अमेरिकेत १९७० चा, ब्रिटनमध्ये १९७४ चा. इजा झाल्यावर भरपाई देऊन भागणार नाही, आधीच धोका ओळखून तो टाळा, असे ते सांगतात.

पण या कायद्यांची वेस घराच्या उंबऱ्यावर येऊन संपते. ब्रिटनच्या कायद्यातले ५१ वे कलम खासगी घरातल्या घरकामगाराला बाहेर ठेवते. अमेरिकेत आपल्याच घरात माणूस कामाला ठेवणारे कुटुंब या कायद्याखाली मालक मानले जात नाही. युरोपच्या १९८९ च्या निर्देशाने ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतूनच घरकामगार वगळले. म्हणजे एकच बाई सकाळी रुग्णालयात आणि रात्री कोणाच्या घरी तेच काम करत असेल, तर सकाळी तिला कायद्याचे संरक्षण आणि रात्री काही नाही.

रुग्णालयांत बदल झाला तो सुईच्या निमित्ताने. १९८० च्या दशकात एचआयव्हीची धास्ती पसरली आणि हिपॅटायटिस बी तर आधीपासूनच कर्मचाऱ्यांना गाठत होता. १९९१ मध्ये अमेरिकेत नियम झाला : हिपॅटायटिस बीची लस मालकाने फुकट द्यायची, हातमोजे त्याने पुरवायचे, सुया टाकायला न भोसकणारे डबे त्याने ठेवायचे. लसीकरण आणि या खबरदारीमुळे १९८३ ते १९९५ या काळात तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमधला हा संसर्ग सुमारे ९५ टक्क्यांनी घटला. ‘जपून वापरा’ हे तर त्यांना आधीही सांगितले जात होतेच. २००० मध्ये सुरक्षित सुयांचा कायदा झाला. त्यात कोणती सुई घ्यायची हे ठरवताना ती प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे मत घेणे मालकावर बंधनकारक झाले.

पाठीच्या दुखण्याला असा मुहूर्त मिळाला नाही. शुश्रूषा करणाऱ्या एका बाईला अर्धांगवायू झालेल्या माणसाची रात्री दोन वाजता कूस बदलून द्यायची आहे, असे समजा. खाट बुटकी आणि एका बाजूने भिंतीला लागलेली, म्हणून दुसऱ्या बाजूला उभे राहता येत नाही. चादर ओली झालेली. एक गुडघा गादीवर टेकवून ती वाकते, त्याच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालते, आणि नेमका तेव्हाच तो घाबरून तिच्या गळ्याला मिठी मारतो. साठ-सत्तर किलोचे ओझे, तेही हलणारे, आणि खाली टाकून देता न येणारे. तिच्या कमरेत लचक भरते. रात्र सरेपर्यंत आणखी दोनदा हेच करायचे असते. अपघात म्हणून याची नोंद कोणी करत नाही.

‘नीट वाकायला शिका’ हेच यावरचे उत्तर कित्येक वर्षे चालले. ब्रिटनमध्ये १९९२ चे नियम आले आणि क्रम ठरला : शक्य तिथे हाताने उचलणे टाळा, टाळता येत नसेल तर धोका तपासा, मग तो कमी करा. २००७ मध्ये अमेरिकन संशोधक थॉमस वॉटर्स यांनी हिशेब मांडला की अनुकूल स्थितीतसुद्धा रुग्णाचे ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलोपेक्षा जास्त वजन एका कर्मचाऱ्याने हाताने पेलू नये. प्रौढ माणसाचा नुसता पाय धरून ठेवला तरी त्या मर्यादेच्या जवळ जातो. त्यापुढे रुग्णाला उचलणारे यंत्र हवे, सरकवायची चादर हवी, वरखाली होणारी खाट हवी, नाहीतर दुसरे माणूस हवे. या चारही गोष्टींना पैसे लागतात, आणि ते खर्च करणे तिच्या हातात नसते.

घराच्या उंबऱ्याला पहिला मोठा धक्का दिला तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने. २०११ च्या १८९ क्रमांकाच्या कराराने प्रत्येक घरकामगाराला सुरक्षित आणि निरोगी कामाच्या जागेचा हक्क दिला. त्याच कलमात हे टप्प्याटप्प्याने करण्याची मुभाही आहे, आणि अनेक सरकारांनी तर करारावर शिक्कामोर्तबच केलेले नाही. २०१९ च्या करारात हिंसा आणि छळही आले. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा मार, नातेवाइकाची शिवीगाळ, बंद खोलीतला नको तो स्पर्श हे सगळे ‘या कामात चालायचेच’ म्हणून सोडून दिले जात होते; करार मात्र जिथे काम होते त्या खासगी जागेलाही कामाचेच ठिकाण मानतो.

मग कोविड आला. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात आरोग्य आणि शुश्रूषा क्षेत्रातले सुमारे १,१५,००० कर्मचारी दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०२२ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित कामाची जागा मूलभूत हक्कांच्या यादीत घातली. त्याविषयीचे करार मान्य केले नसले तरी सदस्य देशांना या हक्काचा आदर करावाच लागतो.

आता अडते ते मालक कोण यावर. काम कुटुंबाच्या घरात, नेमणूक एजन्सीची, हजेरी मोबाइल ॲपवर, आणि बाई कागदोपत्री ‘स्वयंरोजगारित’. कमरेत लचक भरली तर कुटुंब म्हणते एजन्सीला विचारा, आणि एजन्सी म्हणते आम्ही फक्त गाठ घालून देतो. १९३७ च्या निकालाने ही पळवाट खाणमालकासाठी बंद केली होती. रात्री दोन वाजता त्या बुटक्या खाटेपाशी उभ्या असलेल्या बाईसाठी ती बहुतेक ठिकाणी अजून उघडीच आहे.