नेट बंद पडलं तर राऊटरच्या मागचं बारीक बटण दाबू नका

आम्ही तुमच्याकडे नेटची लाईन देणारे, हे पत्रक छापायचं कारण एकच. नेट बंद आहे म्हणून फोन येतो, आमच्याकडे कामाला असलेला मुलगा कामं सोडून चार जिने चढून जातो आणि कळतं की लाईन ठीकच होती, घरच्यांनी राऊटर रीसेट केलाय.

रीस्टार्ट म्हणजे बोर्डावरचा स्विच बंद करायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत चालू करायचा, बस. हे कितीही वेळा करा, काही बिघडत नाही, उलट बऱ्याच तक्रारी तिथंच मिटतात. रीसेट वेगळं. मागे बारीक भोक असतं, त्यात टूथपिक, सेफ्टी पिन, कानातल्याची तार, जे हाताला लागेल ते घालून लोक दहा सेकंद दाबून धरतात, सगळे दिवे विझून परत पेटतात आणि वाटतं झालं काम! झालेलं असं असतं की आम्ही आत भरलेला तुमचा पीपीपीओई, म्हणजे नेटला लॉगिन करायचा युजरनेम-पासवर्ड उडाला, तुम्ही ठेवलेलं वायफायचं नाव पण उडालं, आता मोबाईलवर राऊटरखालच्या स्टिकरवरचं नाव दिसणार आणि त्याला जोडलं तरी नेट नाही. मग माणूस पाठवावाच लागतो. त्या व्हिजिटचे १५० रुपये का म्हणून वाद नको, लाईनचा फॉल्ट असेल तर आम्ही एक रुपया घेत नाही. पासवर्ड फोनवर पण सांगत नाही कारण एका आयडीवर एकच लॉगिन चालतं, दुसऱ्या कुणाच्या हाती लागला तर तुमचंच नेट पडेल, आणि त्या आयडीवरून त्याने काही उद्योग केले तर विचारायला तुमच्याच दारात येणार.

म्हणून आधी दिवे बघा. पॉन (PON) लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर म्हणजे फायबरची लाईन तुमच्या घरापर्यंत नीट येतेय, तेव्हा फक्त रीस्टार्ट. एलओएस (LOS) लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, तिथं रीस्टार्ट करूनही उपयोग नाही. ती पिवळी बारीक वायर कपाटामागे दबलीय का, दुमडलीय का तेवढं बघा, आत काच असते त्यामुळे कडक वळण चालत नाही. ओढू मात्र नका. वायर ठीक दिसली तर बहुतेक बाहेर कुठेतरी जेसीबीने केबल तोडलीय, आम्हाला लगेच कळवा.

"वायफाय फुल आहे पण नेट नाही" हे रोजचं. त्या कांड्या फक्त मोबाईल आणि राऊटरमधल्या, बाहेरून नेट येतंय का याच्याशी त्यांचा संबंध नाही, टाकी घरात आहे म्हणून नळाला पाणी येईलच असं नसतं. एकाच राऊटरची दोन नावं दिसतात त्यात ५ गिगाहर्ट्झवालं फास्ट पण भिंतीत मार खातं, २.४ वालं लांब जातं पण स्लो. हॉलमध्ये ५ लावा, आतल्या खोलीत २.४. आणि राऊटर टीव्हीच्या कपाटात कोंबून बेडरूममध्ये रेंज मागू नका. घर लांबट असेल तर लॅन केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथूनच वायफाय देणारा डबा बसवून देतो, वायफायच पकडून पुढे ढकलणाऱ्या बाजारातल्या स्वस्त रिपीटरपेक्षा ते कधीही बरं.

१०० एमबीपीएसचा प्लॅन आणि डाउनलोडला १२ च दिसतं, फसवलं का? नाही हो. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये दिसतं, ८ बिटचा १ बाइट, १०० भागिले ८ करून बघा.

दुकानाचे कॅमेरे बाहेरून मोबाईलवर दिसत नाहीत त्याला बहुतेक वेळा कारण आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता. १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी घरातल्या घरातच चालतो, आणि बाहेरचा आयपी एकच अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या) क्लाउड ॲपवर चालत असेल तर उगाच खर्च करू नका, नसेल चालत तर स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा आयपी घ्या, रेट ऑफिसात विचारा. लाईट गेल्यावरही नेट हवं असणाऱ्यांसाठी १२ व्होल्टचे मिनी यूपीएस (राऊटरला लावायची छोटी बॅटरी) आमच्याकडे आहेत, घेण्याआधी राऊटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून या.

तक्रार करताना दिव्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, फ्लॅश बंद ठेवून, नाहीतर कुठला दिवा पेटलाय तेच दिसत नाही.