क्रिएटिनिन १.१, पण कुणाचं?

किडनीच्या तपासणीचा कागद हातात आला की नजर आधी जाते ती सीरम क्रिएटिनिनवर. आकडा शेजारी छापलेल्या मर्यादेत बसला की कागद फाइलमध्ये. पण समजा, एकाच लॅबमधून २५ वर्षांच्या नातवाचा आणि ६५ वर्षांच्या आजीचा रिपोर्ट आला आणि दोघांचंही क्रिएटिनिन १.१ निघालं. नातवाची किडनी उत्तम चालली आहे. आजीचं काम मात्र बरंच मंदावलेलं असू शकतं, आणि कागदावर दोघंही ‘नॉर्मल’.

याचं कारण स्नायूंमध्ये आहे. क्रिएटिनिन तिथेच रोज तयार होतं आणि किडनी ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. स्नायू कमी असले की मुळात तयारच कमी होतं, त्यामुळे गाळण मंदावली तरी आकडा चढत नाही. वय झालेल्या, किरकोळ अंगाच्या, शाकाहारी बाईच्या बाबतीत हा आकडा हमखास फसवा. याउलट जिममध्ये अंग कमावलेल्या किंवा तपासणीआधी मटणावर ताव मारून आलेल्या माणसाचं क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असूनही थोडं वर दिसतं. मोजण्याच्या रीतीचाही हात असतो. १८८६ साली मॅक्स याफे यांना दिसलं की अल्कलीत पिक्रिक आम्ल मिसळलं की क्रिएटिनिनला नारिंगी-लाल रंग येतो. कित्येक लॅबमध्ये आजही याच रंगावरून मोजणी होते, आणि कावीळ किंवा रक्तात वाढलेले कीटोन तिला चकवू शकतात.

खरं तर आपल्याला जाणून घ्यायचा असतो गाळण्याचा वेग, म्हणजे जीएफआर. निरोगी तरुण माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला १०० ते १२० मिलिलिटर द्रव गाळतात. दिवसाला दीड-पावणेदोनशे लिटर! त्यातलं जवळपास सगळं पाणी परत रक्तात घेतलं जातं आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. हा वेग थेट मोजायचा तर इन्युलिनसारखा पदार्थ शिरेतून देऊन तो किती वेगाने बाहेर पडतो ते पाहावं लागतं. दुसरा मार्ग २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवण्याचा. तो ज्यांनी केला आहे त्यांना त्याचा वैताग सांगायला नको.

म्हणून सूत्रं आली. १९७६ साली कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी क्रिएटिनिन, वय, वजन आणि लिंग यांवरून अंदाज बांधला. आज रिपोर्टवर ‘ईजीएफआर’ म्हणून जो आकडा येतो, त्यामागचं नवं सूत्र २०२१ सालचं आहे. त्यात नातवाचं १.१ टाकलं तर उत्तर येतं साधारण ९५, आजीचं टाकलं तर ५६. हा आकडा ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. एका रिपोर्टवरून तसा शिक्का मारता येत नाही. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं तरी आकडा तात्पुरता घसरतो. शिवाय सूत्र झालं तरी ते क्रिएटिनिनवरच उभं आहे. फारच कृश माणसात तेही किडनीला जास्त गुण देऊन टाकतं. अशा वेळी स्नायूंवर फारसं अवलंबून नसलेलं सिस्टॅटिन-सी तपासता येतं, पण ते महाग पडतं.

जुने रिपोर्ट मात्र फुकट असतात, आणि ते जपून ठेवावेत. बाकी सगळं तेच असताना क्रिएटिनिन दुप्पट झालं, तर गाळण साधारण निम्मी झाली असं समजायचं. ०.६ चं १.२ झालं तर घरात कुणी दखलही घेत नाही. ६ चं ७ झालं की धावपळ उडते. गमावलेली ताकद पाहिली तर पहिला बदल कितीतरी मोठा.

या सगळ्याच्या आधी बोलते ती लघवी, आणि माझ्या मते तिच्याकडेच सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. गाळणी बिघडू लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन तिच्यातून निसटतं. मधुमेहात पुष्कळदा क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी हे घडतं. साध्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन सापडत नाही, म्हणून ‘एसीआर’ करतात. लघवी पातळ-घट्ट असण्याने घोळ होऊ नये यासाठी त्यात अल्ब्युमिनला क्रिएटिनिनने भागतात. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असलं तर ठीक. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. ताप, लघवीतला संसर्ग, जोरदार व्यायाम किंवा पाळी असताना आकडा वाढू शकतो, म्हणून वाढलेला निघाल्यास पुन्हा तपासतात. टाइप-२ मधुमेह असेल तर निदानापासूनच दरवर्षी ही तपासणी हवी.

युरिया जेवणातल्या प्रथिनांवर आणि अंगातल्या पाण्यावर इतका डोलतो की एकट्याने तो फारसं सांगत नाही. सोनोग्राफी मुतखडा, सूज, आकार दाखवते, काम नव्हे. मधुमेहात काम घटलेली किडनीही आकाराने छान दिसू शकते. डावी-उजवी किडनी किती किती काम करते हे सांगणारी तपासणी म्हणजे डीटीपीए स्कॅन. किडनी देऊ इच्छिणाऱ्या नातेवाइकाला तिचा हमखास अनुभव येतो. दोन्हींत लक्षणीय फरक निघाला, तर जास्त काम करणारी किडनी सहसा दात्याकडेच ठेवतात.