मुलाला पुन्हा पुन्हा विचारताना

जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत दुसरीतली मुलगी मधल्या सुट्टीत बाईंजवळ घुटमळते आणि म्हणते, "मला तात्यांच्या घरी जायचं नाही." अशा वेळी लैंगिक अत्याचाराची शंका आली, तरी बाईंनी "काय झालं, सांग बरं," एवढेच विचारावे, "त्यांनी तुला हात लावला का?" असे विचारू नये. त्यामागे स्मरणशक्तीचे शास्त्र आहे. लहान मूल मोठ्यांच्या प्रश्नात दडलेले उत्तर सहज उचलते, आणि तोच प्रश्न पुन्हा आला की आपले पहिले उत्तर चुकले असे समजते, कारण वर्गातला त्याचा अनुभव तसाच असतो.

या मुलीला मुख्याध्यापक, पोलीस, डॉक्टर, बालकल्याण समिती आणि वकील अशा सर्वांनी आपापल्या परीने विचारले, तर सांगली-मिरजेच्या खेपा होतील त्या वेगळ्याच, पण तिची मूळ आठवण आणि कानावर पडलेले प्रश्न यांची सरमिसळ होईल. अमेरिकेतील हंट्सव्हिल येथे १९८५ मध्ये याच अडचणीतून एक केंद्र उभे राहिले, जिथे ही सारी माणसे मुलासाठी एका छताखाली येऊ लागली.

आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, पोलिसी गणवेशाविना आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचे असते. गुन्हा नोंदवलेला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते. इथे डॉक्टरांचे एक म्हणणे बाकीच्यांनी नीट समजून घ्यायला हवे: बहुतेक मुलांच्या अंगावर जखम आढळत नाही, आणि जखम नाही म्हणजे काही घडलेच नाही, असे मुळीच नव्हे. हे ठाऊक नसलेला तपास अधिकारी अहवाल वाचून तपास सैल सोडू शकतो. तसेच घटनेच्या वेळचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदात ठेवायचे, कारण ओलाव्याने नमुने खराब होतात. ही गोष्ट घरच्यांना कोणीतरी वेळेवर सांगावी लागते.

ऊसतोडीच्या हंगामात आईवडील कारखान्याच्या पट्ट्यात जातात, खटला मात्र चालू राहतो. तेव्हा समितीने नेमलेली आधार व्यक्तीच कुटुंब आणि न्यायालय यांच्यातला दुवा ठरते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बाईंनी त्याच दिवशी लिहिलेला कागद. त्यावर तारीख, वेळ, आपण विचारलेला प्रश्न आणि मुलीचे शब्द जसेच्या तसे असावेत: "तात्यांच्या घरी जायचं नाही."