मोर हिरवा आहे, पण कितपत?

मध्यंतरी आमच्याकडच्या पक्षीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. तासगावकडच्या द्राक्षबागेच्या बांधावर पाठमोरा उभा असलेला मोर, उन्हात पाठ हिरवीगार झळकतेय, आणि खाली मजकूर: ‘जावा बेटावरचा दुर्मिळ हिरवा मोर आता सांगली जिल्ह्यात!’ त्यावर लगेच कुणीतरी लिहिलं, ‘प्युअर नसणार, क्रॉस असेल.’ दोघांचंही चुकलं. तो आपला नेहमीचा निळा मोर होता, सागरेश्वरच्या अभयारण्यात दिसतो तोच. निळ्या मोराची मान निळी असली तरी पाठ हिरवट-कांस्य रंगाची आणि खवल्याखवल्यांची असते. पाठीमागून फोटो काढला की हमखास फसायला होतं. लांडोरीच्या मानेवरही हिरवी झाक असतेच.

पण ‘क्रॉस असेल’ ही शंका जगात इतरत्र अगदी रास्त आहे, म्हणून हा लेख.

आपला मोर म्हणजे पावो क्रिस्टेटस. हिरवा मोर म्हणजे पावो म्युटिकस, आणि ही वेगळी जात आहे. तो म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, चीनचा युनान प्रांत आणि जावा बेट इथला. एकेकाळी आपल्या ईशान्येकडच्या टोकापर्यंत त्याचा वावर होता. २००९ पासून तो धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. जंगलात या दोघांची गाठ क्वचितच पडते, पण पिंजऱ्यात सहज पडते आणि त्यांचा संकर होतो. पाळणारे लोक या संकराला ‘स्पाल्डिंग’ म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या श्रीमती स्पाल्डिंग यांचं ते नाव. ही पिल्लं खेचरासारखी वांझ नसतात. त्यांना पिल्लं होतात, त्या पिल्लांनाही होतात, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

(मोर नाचताना रडतो आणि ते अश्रू पिऊन लांडोरीला गर्भ राहतो, असं २०१७ साली एका उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी निवृत्तीच्या दिवशी सांगितलं होतं. तसं असतं तर पाळणाऱ्यांना नर-मादी एका पिंजऱ्यात ठेवायची गरजच नव्हती. मोर इतर पक्ष्यांसारखाच मीलन करतो. कुणी शांतपणे बघत बसत नाही, एवढंच.)

तर ओळखायचं कसं? आधी तुरा बघा. निळ्या मोराचा तुरा पंख्यासारखा पसरलेला असतो. काड्या उघड्या आणि फक्त टोकाला पिसाचा झुपका. हिरव्याचा तुरा उंच, अरुंद आणि सरळ उभा, त्यातलं प्रत्येक पीस बुडापासून भरलेलं. संकरात मधलंच काहीतरी निघतं: उंची हिरव्याची, पण टोकं फाकलेली. मग चेहरा. निळ्याच्या डोळ्याच्या वर आणि खाली पांढऱ्या कातडीचे पट्टे असतात. हिरव्याची कातडी डोळ्याभोवती निळसर आणि कानाकडे पिवळीधमक. पिवळा फिका वाटला, त्यात पांढरं मिसळल्यासारखं दिसलं, तर संशय घ्यायला जागा आहे. मान: निळ्याची गुळगुळीत, केसाळ पिसांची, हिरव्याची ठसठशीत खवल्यांची, प्रत्येक खवल्याला सोनेरी-हिरवी कड. पाय हिरव्याचे लांब. लांडोरीत फरक आणखी ठळक आहे. आपली लांडोर मातकट आणि पोटाला पांढुरकी असते, तर हिरवी लांडोर जवळजवळ नरासारखीच रंगीत, फक्त लांब पिसारा नाही. तेव्हा हिरव्या म्हणवणाऱ्या लांडोरीचं पोट पांढुरकं दिसलं, तर पुढे बघायची गरज नाही.

हिरव्या रंगाच्या छटेवर मात्र विसंबू नका. मोराच्या पिसात हिरवं किंवा निळं रंगद्रव्य नसतंच. असतं ते काळं मेलॅनिन, आणि त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. त्या जाळीतलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असेल तर निळा प्रकाश परततो, १५० च्या आसपास असेल तर हिरवा, १६५ ला पिवळसर. निळ्या-हिरव्यात फरक फक्त दहा नॅनोमीटरचा, त्यात बघायचा कोन बदलला की रंगही सरकतो. मोबाइलच्या फोटोवरून छटेचा निवाडा करणारा माणूस बहुधा सूर्य कुठे होता याचाच निवाडा करत असतो.

आता खांदा. मिटलेल्या पंखावर निळ्या नराला बदामी-काळ्या बारीक लहरी असतात. हिरव्याला त्या नसतात. तिथे गडद निळा-काळा रंग. म्हणून ‘लहरी नाहीत, म्हणजे शुद्ध हिरवा’ असं बरेच जण धरून चालतात. पण निळ्या मोरातच एक उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात आपोआप झालेला बदल, आहे, काळ्या खांद्याचं. त्या नराच्या खांद्यावर लहरी नसतात. एकोणिसाव्या शतकात त्याला स्वतंत्र जात समजून नाव दिलं गेलं होतं. डार्विननं १८६८ च्या ग्रंथात दाखवलं की इंग्लंडमधल्या साध्या मोरांच्या कळपात हे काळ्या खांद्याचे पक्षी अचानक उपजतात, म्हणजे जात वेगळी नाही. संकराच्या मागच्या पिढ्यांत असा काळ्या खांद्याचा निळा मोर असेल, तर लहरींची खूण आपसूक पुसली जाते.

ज्या गणिताने मला या विषयाची गोडी लावली ते आता सांगतो. निळा आणि हिरवा यांची पहिली पिढी निम्मी-निम्मी. तिची जोडी शुद्ध हिरव्याशी लावली की निळ्याचा वाटा सरासरी २५ टक्के. पुन्हा हिरव्याशी: १२.५. मग ६.२५. चौथ्यांदा: ३.१२५. हा वाटा संपूर्ण जनुकसंचातला. आपल्या डोळ्यांना दिसणारी लक्षणं, म्हणजे तुरा, कातडी, खांदा, बहुधा थोड्याच जनुकांवर ठरतात. हिशेबापुरती अशी सहा जनुकं धरू, सुटी-सुटी वारशाने जाणारी. पहिल्या पिढीत प्रत्येक जनुकाची एक प्रत निळ्याची असतेच, मग हिरव्याशी दर जोडीला ती टिकण्याची शक्यता निम्मी होते. चौथ्या वेळेनंतर त्यातल्या कुठल्याही एका जनुकात निळ्याची प्रत शिल्लक असण्याची शक्यता १६ पैकी १. म्हणजे ती गेलेली असण्याची १५/१६. सहाही ठिकाणी गेलेली असण्याची शक्यता १५/१६ चा सहावा घात, सुमारे ६८ टक्के. दर तीन पक्ष्यांतले दोन दिसायला निखळ हिरवे! आणि त्यांच्या अंगात निळ्याचा वाटा सरासरी तीन टक्क्यांच्या घरात, न दिसणाऱ्या जागांवर. त्यात पाळणारा दरवेळी ‘जास्त हिरवं दिसणारं’ पिल्लू निवडत असेल, तर दिसणाऱ्या खुणा आणखी लवकर पुसल्या जातात. न दिसणारी जनुकं मात्र एकेकटी जात नाहीत. एका गुणसूत्रावर शेजारी असलेली जनुकं तुकड्यातुकड्यांनी वारशाने जातात, म्हणून कुठल्या पक्ष्यात निळ्याचा मोठा तुकडा उरतो, कुठल्यात काहीच नाही. तीन टक्के ही सरासरी झाली. हातातल्या पक्ष्याचा आकडा ती सांगत नाही.

खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात जाणता माणूस शिंगं, वशिंड आणि चेहरा बघून ‘या खिलारात भेसळ आहे’ हे उभ्या उभ्या सांगतो. पण ‘भेसळ अजिबात नाही’ हे तो नुसत्या रूपावर सांगत नाही. गाय कुणाची, वळू कुणाचा, हे विचारतो. मोराचंही तसंच आहे. हिरव्या म्हणवणाऱ्या पक्ष्यात निळ्या मोराची एकही खूण सापडली तर तो संकरित, हे ठामपणे म्हणता येतं. एकही सापडली नाही तर एवढंच म्हणता येतं की सापडली नाही. आणि हेही पूर्ण वाढलेल्या नराबद्दल. पिसारा पुरता यायला तिसरं वर्ष उजाडतं, तोवरच्या पिल्लावर पैज लावू नये.

मग डीएनए तपासा, असं कुणीही म्हणेल. बरोबर आहे, गळालेल्या ताज्या पिसाच्या बुडातल्या पेशींवरही काम होऊ शकतं. पण कुठला डीएनए, हे विचारा. स्वस्त आणि सोपी तपासणी असते ती मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांच्या, डीएनएची, आणि तो फक्त आईकडून येतो. पहिला संकर हिरवी लांडोर आणि निळा मोर असा झाला असेल, तर तिच्या मुलींच्या, नातींच्या, पणतींच्या प्रत्येक पिल्लात मायटोकाँड्रिया शंभर टक्के हिरव्याचाच निघतो, मग तो पणजोबा कितीही निळा असो. त्याचा माग काढायचा तर पेशीकेंद्रातल्या डीएनएवर एक-दोन नव्हे, अनेक ठिकाणी बघावं लागतं.