लंडनहून मराठी: खर्च कोणाचा, आवाज कोणाचा

ऑक्टोबर २०१७ मध्ये बीबीसी मराठी सुरू झाली, तेव्हा ती अगदी नवी गोष्ट वाटली होती. पण लंडनहून मराठी त्याआधीही ऐकू येत होती, तीही ऐन महायुद्धात.

दुसऱ्यांच्या भाषेत रेडिओवरून बोलण्याच्या या खेळाची सुरुवात मात्र अरबीतून झाली. मुसोलिनीच्या इटलीतलं बारी हे रेडिओ केंद्र १९३४ पासून अरबीत बोलू लागलं. गाणी, आणि जोडीला पॅलेस्टाइनमधल्या ब्रिटिश दडपशाहीचा पाढा. त्याला उत्तर म्हणून ३ जानेवारी १९३८ रोजी बीबीसीने सरकारच्या पैशावर अरबी सेवा उघडली. परक्या भाषेतली तिची ही पहिलीच. गंमत म्हणजे, पहिल्याच बातमीपत्रात ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनमध्ये एका अरबाला फाशी दिल्याची बातमी होती. परराष्ट्र खातं भडकलं. आपल्याच पैशाने आपलीच बदनामी! पण ती बातमी गाळली असती, तर बाकीच्या बातम्यांवर कैरो-बगदादमध्ये कोणी विश्वास ठेवला असता?

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि जर्मनीहून सुभाषबाबूंचा आवाज घुमू लागला. भारतीयांचं मन राखणं आता लंडनला निकडीचं झालं. बीबीसीच्या भारतीय विभागात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल दर आठवड्याला युद्धवार्तेचा मजकूर इंग्रजीत लिहीत. त्याची मराठी, गुजराती भाषांतरं प्रसारित होत. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे त्याच विभागात होत्या. मजकुरावरून आधी सेन्सॉरचा हात फिरे, आणि प्रसारणाच्या वेळी एक जण खटक्याशी बसे: ठरल्याबाहेर शब्द गेला की आवाज बंद. ऑर्वेलसारखा साम्राज्याचा उघड विरोधक या कामावर बसवणं, हीच मला तरी सगळ्यात हुशार जाहिरात वाटते. १९४३ मध्ये राजीनामा देताना ऑर्वेलनी लिहिलं, की मनाविरुद्ध बोलायला आपल्याला कोणी लावलं नाही, पण या कामातून काही निष्पन्न होत नाही, जनतेचा पैसा वाया जातोय.

युद्धानंतरही बीबीसीच्या जागतिक सेवेचा, म्हणजे परदेशांसाठीच्या प्रसारणाचा, खर्च परराष्ट्र खात्याच्या अनुदानातून चाले. २०१४ मध्ये तो ब्रिटनमधल्या परवाना शुल्कावर, म्हणजे तिथली घरं टीव्हीसाठी भरतात त्या पैशावर, गेला. पण पुढच्याच वर्षी सरकार पुन्हा पैसे द्यायला पुढे आलं: वर्षाला साडेआठ कोटी पौंड द्यायचं ठरलं. मराठी, गुजराती, तेलुगू, पंजाबी या नव्या सेवा त्याच पैशातल्या. ही रक्कम जाहीर झाली ती नोव्हेंबर २०१५ च्या संरक्षण आढाव्यात. लढाऊ विमानं आणि पाणबुड्यांच्या हिशेबाशेजारी.