विस्मरण : म्हातारपणाच्या खात्यातून आजाराच्या नोंदीत

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे, की घरातले वडीलधारे माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, तरी ‘आता वय झालं’ एवढ्यावर विषय संपतो. सोलापुरातल्या कित्येक घरांत आजही हेच घडते. हा समज केवळ आपला नव्हता. वैद्यकशास्त्रही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळपास असेच मानत होते.

निरोगी माणूस किती वेगाने विसरतो, हे प्रथम मोजले ते जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी. अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून त्यांनी १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि नंतर मंदावतो, तसेच एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतरा-अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांना आढळले. म्हणजे विसरणे हा स्मृतीचा नेहमीचाच भाग आहे, आजाराची खूण नव्हे.

आजाराची ओळख निराळ्या वाटेने झाली. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली, तिला स्वतःचे नावही धड लिहिता येत नव्हते. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू त्यांना दिसले. १९१० मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले खरे, पण तो पासष्टीच्या आतल्या लोकांचा दुर्मीळ आजार मानला गेला आणि त्यापुढच्या वयातले विस्मरण म्हातारपणाच्याच खात्यावर राहिले. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे वृद्धांच्या मेंदूंची तपासणी झाली आणि त्यांतही तेच थर व तंतू आढळले, तेव्हा कुठे ही भिंत पडू लागली. मधली पन्नासएक वर्षे वाया गेली, असे मला वाटते, कारण तेवढा काळ असंख्य वृद्धांचे विस्मरण तपासण्याजोगे आहे, असे कुणाला वाटलेच नाही.

स्मृती ही एकसंध वस्तू नाही, हे कळले ते एका शस्त्रक्रियेमुळे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा काही भाग फेफऱ्यावर उपाय म्हणून काढण्यात आला. त्यानंतर त्याला नवी घटना लक्षात ठेवता येईना. मात्र मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा हे काम आपण आदल्या दिवशी केले होते याची आठवण नसतानाही त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या घरांत हे ओळखीचे वाटेल. जेवण झाले की नाही हे न आठवणारी आजी विड्या वळायला सूप मांडीवर घेऊन बसली, की पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे आणि दोरा बांधणे तिच्या हातून क्रमाने होत राहते. हातांना जमते म्हणजे ती ठीकच आहे, असा निष्कर्ष घरच्यांनी काढू नये.

तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या या शहराला हैदराबादचे एक संशोधनही जवळचे वाटावे. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची (डिमेन्शियाची) लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली आणि निरक्षरांतही हा फरक होता. इतरत्रच्या सगळ्या अभ्यासांत तो आढळलेला नाही, म्हणून त्यावर विसंबून निर्धास्त राहता येणार नाही.

आठवण पक्की करण्याच्या उपायांबाबत मात्र जुनी रीत बरीचशी खरी ठरली. पावकी-निमकीचे पाढे रोज संध्याकाळी न पाहता म्हणायचे, भजनी मंडळात अभंग वही मिटून म्हणायचा, यात आठवून काढण्याचा सराव आपोआप होत असे. रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले, की धडा पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून काढणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहतो. हा उपाय निरोगी मेंदूसाठी आहे. अल्झायमर त्याने बरा होत नाही.

सगळे विस्मरण अल्झायमरचेच नसते, ही गोष्ट सोलापुरात अधिक सांगितली गेली पाहिजे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदावलेली क्रिया, नैराश्य आणि काही औषधे यांनीही स्मृती ढासळते, आणि वेळीच उपचार झाले तर ती बऱ्याचदा सुधारते. कमी ऐकू येणे हाही आता स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा, पण हाताळता येण्याजोगा घटक मानला जातो. यंत्रमागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षे काढलेल्या कामगाराच्या विसरण्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाताना त्याच्या कानांची तपासणीही करून घ्यावी.